सातव्या दिवसाचा हिशेब

‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक’ या संगणकावरच्या खेळमालिकेतला कोणता भाग सर्वांत चांगला, हा वाद मालिकेइतकाच जुना आहे, आणि त्यात बहुतेक जण आपण सर्वांत आधी जो भाग खेळलो त्याचीच बाजू घेतात. मी तिसऱ्या भागाच्या बाजूचा आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला माझा कल शोधत बसावे लागणार नाही. ड्रॅगन किती देखणे आहेत, कथा किती रंगते, संगीत किती दिवस कानात राहते, या सगळ्याला मोल आहेच. परंतु या मालिकेचा एक भाग दुसऱ्यापासून खऱ्या अर्थाने वेगळा होतो तो तंगीवरून, असे मला वाटते. खेळाडूच्या हातात काय कमी ठेवायचे, किती कमी ठेवायचे आणि किती दिवस कमी ठेवायचे, याचे उत्तर प्रत्येक भागाने निराळे दिले, आणि ज्या भागाने ही तंगी विचारपूर्वक बेतली तो भाग टिकला.

खेळाचा ढाचा थोडक्यात असा. प्रत्येक खेळाडूकडे एक नगर असते, एखादा-दुसरा हिरो असतो आणि त्या हिरोच्या हाताखाली फौज असते. नकाशावर खाणी, खजिने, ओसाड मनोरे आणि त्यांची राखण करणारे जीव पसरलेले असतात. एक पाळी म्हणजे एक दिवस. सात दिवसांचा आठवडा आणि चार आठवड्यांचा महिना. नगरात दिवसाला एकच इमारत बांधता येते. सोने, लाकूड, खनिज, पारा, गंधक, स्फटिक आणि रत्ने अशी सात साधने असतात, आणि त्यांपैकी नेमके हवे तेच नसते. नवे सैनिक रोज मिळत नाहीत. ते आठवड्याच्या पहिल्या दिवशी, आमच्या भाषेत सोमवारी, एकदम येतात. लढाई सुरू झाली की दोन्ही फौजा षट्कोनी घरांच्या पटावर समोरासमोर उभ्या राहतात आणि वेगाच्या क्रमाने एकेका तुकडीची चाल येते. बाकी सारा तपशील या सांगाड्यावर चढवलेला आहे.

आमच्याकडे ही मालिका आली ती तालुक्याच्या गावी माझ्या चुलत भावाच्या टायपिंगच्या दुकानात. दारव्ह्याच्या बाजूला आमचे गाव. दादाने तालुक्याला एक गाळा भाड्याने घेऊन त्यात संगणक, प्रिंटर आणि झेरॉक्सचे यंत्र मांडले होते. खरीप कर्जाचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे, लग्नपत्रिका ही तिथली कामे. बाजाराच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसे आणि मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर कुत्रेही फिरकत नसे, त्यामुळे खेळायचे दिवस आपोआप ठरून गेले. यंत्र जुने होते. नवे, झगमगीत खेळ त्यावर उघडतच नसत. 1996 आणि 1999 सालचे खेळ मात्र ते मुकाट्याने चालवी. दादा, मी आणि पटवाऱ्याचा मुलगा असे तिघे एकाच माऊसवर पाळीपाळीने खेळत असू. एकाची पाळी चालू असताना दुसऱ्या दोघांनी पडद्याकडे पाठ करायची, असा नियम होता. तो पाळला जात असे असे मी म्हणणार नाही.

या खेळाची आणि आमच्या भागाची गाठ पडण्याचे आणखी एक कारण होते, ते म्हणजे भारनियमन. 2005 नंतरची काही वर्षे ज्यांनी विदर्भातल्या खेड्यांत काढली त्यांना ते वेगळे समजावून सांगायला नको. पंखा, कूलर आणि संगणक एकाच क्षणी गप्प होत. धावपळीच्या खेळात असे झाले की तासाभराची मेहनत पाण्यात जाई. हा खेळ मात्र प्रत्येक नव्या दिवसाला आपली नोंद आपणच करून ठेवी, त्यामुळे वीज परत आली की फार तर एका पाळीचे नुकसान. शिवाय वीज नसतानाही डाव चालूच राहत असे. ओट्यावर बसून पुढच्या आठवड्यात कोणती इमारत आधी, कोणता हिरो कोणत्या खाणीकडे, याची खलबते होत, आणि खेळाची खरी गोडी त्यातच होती. पडद्याशिवाय ज्यावर विचार करता येतो असे खेळ थोडे असतात.

मालिकेचा उगम 1990 सालच्या ‘किंग्ज बाऊंटी’ या खेळात आहे. जॉन व्हॅन कॅनेघम या अमेरिकी रचनाकाराने न्यू वर्ल्ड कॉम्प्युटिंग या आपल्या कंपनीत तो केला आणि 1995 मध्ये त्याच कल्पनेला नगरांची जोड देऊन ‘हीरोज’चा पहिला भाग काढला. त्यात नाईट, बार्बेरियन, सॉर्सरेस आणि वॉरलॉक अशी चार घराणी होती. तो आज खेळताना त्रोटक वाटतो, परंतु त्यातली एक गोष्ट मला अजून आवडते: हिरोला मंत्र येतो म्हणजे तो त्याला ठरावीक वेळाच येतो. ज्ञान जितके, तितक्या वेळा प्रत्येक मंत्र. संपले की मंत्रशाळेत परत जा. दुसऱ्या भागाने याच्या जागी मंत्रशक्तीचे गुण आणले आणि ते सोयीचे होते, यात वाद नाही. तरीही वीज पाडण्याचा मंत्र एकदाच उरला आहे आणि समोर दोन तुकड्या आहेत, या पेचात जी धार होती ती पुढे बोथट झाली.

दुसरा भाग 1996 चा. रोलंड आणि आर्चिबाल्ड या दोन राजपुत्रांचे वारसायुद्ध ही त्याची कथा. खेळाडूने बाजू निवडायची आणि मधल्या टप्प्यावर ती बदलण्याचीही मुभा. विझर्ड आणि नेक्रोमन्सर ही दोन घराणी वाढली, हिरोंना दुय्यम कौशल्ये आली, काही सैनिकांना बढती मिळू लागली. रंग एखाद्या जुन्या चित्रकथेसारखे उजळ, आणि प्रत्येक नगरात शिरताना ऑपेराच्या ढंगाचे गायन. पॉल रोमेरो, रॉब किंग आणि स्टीव्ह बाका यांचे ते संगीत दुकानातल्या एका टिचक्या स्पीकरमधून वाजू लागले की झेरॉक्ससाठी थांबलेली माणसे चमकून आत पाहत. एका म्हाताऱ्या गिऱ्हाईकाने, “हे कोन्त्या भाषेतलं भजन होय?” असे अगदी गंभीरपणे विचारले होते, आणि दादाने तितक्याच गंभीरपणे, “राक्षसाइच्या,” असे उत्तर दिले होते.

दुसऱ्या भागावरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे त्यातली घराणी तोलाची नाहीत. नाईटच्या नगरातला सर्वांत मोठा योद्धा म्हणजे क्रुसेडर, त्याची प्राणशक्ती 65. वॉरलॉकच्या काळ्या ड्रॅगनची 300, आणि वर त्याच्यावर कोणताही मंत्र चालत नाही. समोरासमोर उभे केले तर हा अन्यायच आहे. पण क्रुसेडर सोन्यावर मिळतो आणि ड्रॅगनसाठी सोन्याच्या चौपट राशीबरोबर गंधकही मोजावे लागते. त्याचा मनोरा उभा करायचा तर त्याआधीच गंधकाची खाण हाताशी हवी. म्हणजे नाईट लवकर उभा राहतो आणि लवकर थांबतो, तर वॉरलॉक पहिले दोन आठवडे जवळजवळ दरिद्री असतो आणि पुढे आवरत नाही. नकाशा लहान असेल तर नाईटने धावत जाऊन त्याला मनोऱ्याआधीच गाठावे, मोठा असेल तर देवाचे नाव घ्यावे. दादा नेहमी वॉरलॉक घेई, आणि मी ड्रॅगन येण्याआधी पोचलो नाही की म्हणे, “सोनं हाय ना तुयापाशी? मंग रांगा लावून कायले ठेवलं बे?” सोन्याची रास नुसती साठवणे हा या खेळातला गुन्हाच आहे, आणि तो शिकवणारा भाग हा दुसरा.

आता तिसरा. 1999 च्या ‘रेस्टोरेशन ऑफ इराथिया’ची कथा राणी कॅथरिनची: वडिलांच्या अंत्यविधीसाठी ती माहेरच्या राज्यात परतते आणि पाहते तर राज्यावर चौफेर हल्ले झालेले आणि विषप्रयोगाने मारलेला राजाच मृतांच्या फौजेत उठून उभा. कथा ठीक आहे. तिच्यासाठी कोणी हा भाग वर्षानुवर्षे खेळत नाही. आठ नगरे, प्रत्येकात सात पायऱ्यांचे सैनिक आणि प्रत्येक सैनिकाला बढती, अशी भरगच्च मांडणी यात आली. फौजेच्या जागाही पाचाच्या सात झाल्या. एवढे सगळे वाढवूनही पैशाची चणचण रचनाकारांनी सुटू दिली नाही, हे त्यांचे कौशल्य. ती चणचण कशी चालते हे पाहायचे तर एका नगराचा पहिला आठवडा जवळून पाहायला हवा.

समजा, कॅसल हे नगर वाट्याला आले आहे. सुरुवातीच्या सभागृहातून रोज 500 सोने येते. त्याचे नगरभवन करायला 2,500 लागतात आणि मग रोज 1,000 येतात. त्यावरची पायरी 5,000 ला आणि तिचे रोजचे उत्पन्न 2,000. शेवटची राजधानी 10,000 ला, रोजचे 4,000, आणि ती संपूर्ण राज्यात एकच. म्हणजे जितक्या लवकर पैसा गुंतवाल तितका पुढे जास्त. परंतु तोच पैसा आणि तोच बांधकामाचा दिवस सैनिकांच्या वसाहतींनाही हवा असतो. तटबंदीचे आणखी निराळे. गढी बांधली तर आठवड्याची सैनिकवाढ दीडपट होते, पूर्ण किल्ला बांधला तर दुप्पट. पण ती सातवा दिवस मावळण्यापूर्वी उभी असेल तरच येत्या आठवड्याला लागू. आठव्या दिवशी बांधली तर सात दिवस थांबा. आणि राजधानीसाठी किल्ला आधी बांधलेला असणे सक्तीचे आहे, त्यामुळे लोभ आणि संरक्षण हे दोन वेगळे रस्ते एका ठिकाणी येऊन एकमेकांत अडकतात.

त्यातच देवदूतांचे द्वार आहे. ते 20,000 सोने आणि दुर्मीळ साधनांची प्रत्येकी रास मागते. त्यातून आठवड्याला एक देवदूत येतो, किल्ला असेल तर दोन, आणि एकेका देवदूताला 3,000 सोने आणि एक रत्न द्यावे लागते. द्वार बांधायला पैसे आहेत पण देवदूत घ्यायला उरत नाहीत, ही अवस्था पहिल्या दोन आठवड्यांत जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येते. पटवाऱ्याचा मुलगा या बाबतीत फार शिस्तीचा होता. तो एका चौकटीच्या वहीत दिवसांचे सात रकाने आखी आणि प्रत्येक रकान्यात जमा, खर्च आणि शिल्लक मांडून ठेवी. बापाच्या दप्तराचा संस्कार, दुसरे काय. त्याच्या वहीत गढी कायम सहाव्या दिवशी असे, सातव्या दिवशी कधीच नाही, कारण सातव्या दिवशी एखादे लाकूड कमी पडले तर आठवडा हातचा जातो, असे तो म्हणे. त्याच्याशी डाव जिंकणे अवघड होते आणि त्याच्याबरोबर खेळणे थोडे कंटाळवाणे.

सैन्य जागेवरून हलवण्यातही अशीच काटकसर आहे. हिरो दिवसाला ठरावीक अंतर चालतो. पण नव्या हिरोला 2,500 सोन्यात ठेवून घेता येते, आणि प्रत्येकाचे चालणे ज्याचे त्याचे. म्हणून मुरलेले खेळाडू रस्त्यावर एकेका टप्प्याला एकेक हिरो उभा करून ठेवतात आणि नगरात विकत घेतलेली फौज एकाच दिवसात हातोहात सीमेपर्यंत पोचवतात. या साखळीला खेळाच्या नियमांत कुठेही नाव नाही. टंचाईतून माणसांनी ती काढली. हिरोला बढती मिळताना दोन कौशल्यांतले एकच निवडायचे, आणि आठ जागा भरल्या की संपले, हीसुद्धा तंगीच. नको असलेले गरुडदृष्टीचे कौशल्य गळ्यात पडल्यावर होणारी चडफड ज्याने अनुभवली आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

आठवडा पालटताना ज्योतिष्यांची घोषणा येते, तीही यातच मोडते. हा आठवडा अमुक जीवाचा, त्याची वाढ जास्त. आणि कधी एखादा महिना साथीचा निघतो, तेव्हा सगळ्यांची संख्या निम्मी. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या सुमारास घटमांडणी होते आणि पाऊसपाण्याचे भाकीत सांगतात, ते आमच्याकडे मोठ्या उत्सुकतेने ऐकले जाते. त्यावरून दादा या घोषणेच्या चौकटीलाच भेंडवळ म्हणे. सोमवार आला, भेंडवळ पाहा. साथीचा महिना लागला की तिघांचेही चेहरे उतरत, आणि त्यातल्या त्यात ज्याने मागच्या आठवड्यात सैनिक विकत घेऊन ठेवले होते तो हळूच हसे.

हाच भाग जिथे चुकतो तिथेही कारण तेच सापडते. नेक्रोपोलिस हे मृतांचे नगर घ्या. लढाईत पडलेल्या शत्रूंपैकी काही सांगाडे होऊन फुकट फौजेत येतात. कौशल्य पुरते वाढले आणि त्यावर काही खास वस्तू मिळाल्या की थोड्या आठवड्यांत सांगाड्यांची संख्या शेकड्यांवरून हजारांवर जाते. इतर सगळे सोमवारची वाट पाहत असताना एकाला रोजच सोमवार, मग तोल राहणार कसा? आमच्या दुकानात नेक्रोपोलिस घ्यायला बंदी होती. मूळ खेळाला जोडून निघालेल्या पहिल्या विस्तारात, म्हणजे 1999 च्याच ‘आर्मगेडन्स ब्लेड’मध्ये, आधी फोर्ज नावाचे यंत्रयुगीन नगर यायचे होते; परंतु तलवारी-जादूच्या जगात यंत्रे नकोत म्हणून चाहत्यांनी एवढा गदारोळ केला की ते बाजूला ठेवून महाभूतांचे कॉन्फ्लक्स आणावे लागले. तेथे सर्वांत वरचा अग्निपक्षी आठवड्याला मुळातच दोन वाढतो, जिथे इतर नगरांत एक. परिणाम व्हायचा तोच झाला. 2000 मध्ये ‘शॅडो ऑफ डेथ’ हा दुसरा विस्तार आला आणि तिसऱ्या भागाचा अधिकृत संसार तिथे पूर्ण झाला.

चौथ्या भागावर (2002) लोकांनी जेवढा राग काढला तेवढा त्याचा दोष नव्हता. त्याने तंगीची जागाच बदलली. सैनिक रोज वाढू लागले, त्यामुळे सोमवारची धांदल संपली. फौजा हिरोशिवाय फिरू लागल्या आणि तांडे सैन्य पोचवू लागले, त्यामुळे साखळीची गरज उरली नाही. याच्या बदल्यात त्याने निवडीची तंगी आणली. सुरुवातीची पायरी सोडली तर वरच्या प्रत्येक पायरीला दोन वसाहतींपैकी एकच बांधायची, आणि दुसरी कायमची गेली. मृतांच्या नगरात रक्तपिशाच्च हवेत की विषारी व्हेनम स्पॉन, हाडांचा ड्रॅगन हवा की सैतान. अराजकाच्या नगरात काळा ड्रॅगन की हायड्रा. हे मला फार आवडले, कारण पैसा पुढे कधीतरी मिळतोच, सोडलेली वाट मिळत नाही. परंतु हिरो स्वतःच पटावर उतरून लढू लागला आणि डावाच्या उत्तरार्धात एखादा मुरलेला हिरो एकटाच फौजा कापू लागला, तेव्हा निवडलेल्या सैनिकांचे महत्त्व आपोआप घसरले. दारातून काढलेली उधळपट्टी खिडकीतून आत आली. त्यात संगणकाची बुद्धी बेताची, आणि अनेकांनी मिळून खेळण्याची सोय सुरुवातीला नव्हतीच. आम्हा तिघांच्या दृष्टीने तर हा विषय तिथेच मिटला. तरीही अर्धा जिवंत, अर्धा मृत अशा गॉलडॉथची त्यातली कथा ही साऱ्या मालिकेतली सर्वांत चांगली लिहिलेली कथा आहे, आणि चौथ्याला नावे ठेवणाऱ्या पुष्कळांनी ती वाचलेलीच नसते.

न्यू वर्ल्ड ज्या 3डीओ कंपनीच्या मालकीची होती ती 2003 मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि मालिकेचे हक्क 13 लाख डॉलरला युबीसॉफ्टकडे गेले. 2006 चा पाचवा भाग निवल या रशियन कंपनीने बांधला. जग नवे, अशान, चित्रे त्रिमितीतली, तिसऱ्या भागातल्या षट्कोनांच्या जागी चौकोन आले. दादाच्या यंत्राला तो झेपणारा नव्हता. पटवाऱ्याचा मुलगा तोवर अमरावतीला अभियांत्रिकीला गेला होता आणि त्याच्या खोलीवर मी तो पहिल्यांदा पाहिला. कॅमेरा फिरवताना डोके गरगरते, संगणक आपली पाळी खेळायला चहा होईल इतका वेळ घेतो, या तक्रारी खऱ्या आहेत. पण निवलच्या लोकांनी तिसऱ्या भागाचा अभ्यास मन लावून केला होता. आठवडा परत आला, दिवसाला एक इमारत आणि सात साधने कायम राहिली. लढाईत सर्वांना एकेक पाळी देण्याऐवजी चपळतेप्रमाणे पाळ्या येऊ लागल्या, म्हणजे वेळ हेही आता मोजून खर्चायचे साधन झाले. आणि 2007 च्या ‘ट्राइब्ज ऑफ द ईस्ट’ या विस्तारात मृतांना उठवण्यासाठी काळ्या ऊर्जेचा ठरावीक साठा लागू लागला. तो आठवड्यापुरताच मिळतो. फुकट सांगाड्यांचे दुखणे ओळखून त्यावर इतका नेमका इलाज कोणी आधी केला नव्हता. आमच्या दुकानातली बंदी मी मनातल्या मनात त्या दिवशी उठवली.

सहाव्यापुढे मला फार लिहावेसे वाटत नाही. 2011 चा सहावा भाग हंगेरीच्या ब्लॅक होल कंपनीचा. त्याने सात साधनांची चार केली: सोने, लाकूड, खनिज आणि स्फटिक. पाऱ्याच्या आणि गंधकाच्या खाणी नकाशावरून गेल्या, आणि त्यांच्याबरोबर कोणत्या नगराला कशाची भूक आहे हा फरकही गेला. साऱ्या नगरांचे सैनिक एकाच ठिकाणी विकत घेता येतात. जिंकलेले परके नगर आपल्या घराण्याचे करून टाकता येते. कौशल्ये हवी ती, हवी तेव्हा निवडता येतात. यांतली प्रत्येक सोय सुटी घेतली तर समंजस आहे, आणि त्या तयार करणाऱ्यांनी खेळाडूंच्या तक्रारी ऐकूनच त्या दिल्या असाव्यात. सगळ्या एकत्र आल्यावर मात्र डाव सपाट होतो. सोमवार आणि गुरुवार यांत काही फरकच वाटेनासा होतो. त्यातून काही सोयी ऑनलाइन खात्याशी बांधलेल्या, आणि आमच्या गावात तेव्हा नेट म्हणजे गच्चीवर जाऊन हात उंच करण्याचा व्यायाम होता. 2015 चा सातवा भाग जर्मनीच्या लिंबिकचा. त्याने काही दुर्मीळ साधने परत आणली, चाहत्यांचे मत घेऊन घराणी ठरवली आणि इतक्या त्रुटींसह बाहेर आला की त्याच्या हेतूंचे कौतुक करायला कोणी थांबले नाही.

त्याच 2015 साली तिसऱ्या भागाची नवी, ठळक चित्रांची आवृत्ती निघाली, पण तिच्यात विस्तार नव्हते, कारण त्यांचा मूळ आज्ञासंच (सोर्स कोड) हरवला होता. कंपनीकडून हरवलेले चाहत्यांनी कधीच जपून ठेवले होते. ‘हॉर्न ऑफ द ॲबिस’ हा चाहत्यांनी केलेला विस्तार 2011 पासून वाढतो आहे. त्याने चाच्यांचे कोव्ह हे नगर दिले, आणि पुढे फॅक्टरी नावाचे यंत्रांचे नगरही, जे लोकांनी या वेळी आनंदाने स्वीकारले. फोर्जच्या वेळचा गदारोळ आठवला की मला याची गंमत वाटते. नगर बांधणारे घाईत नव्हते. त्याचे दर, वाढ आणि खर्च त्यांनी वर्षानुवर्षे तपासून पाहिले, आणि यंत्रे तलवारींच्या शेजारी खुशाल नांदू लागली.

दादाने दुकान कधीच आवरले. अर्ज आता लोक मोबाईलवरून भरतात. तो पूर्ण वेळ शेती पाहतो. दुसऱ्या भागाचे इंजिन चाहत्यांनी नव्याने लिहिले आहे आणि ते फोनवरही चालते, त्यामुळे कापसाच्या हंगामात जिनिंगच्या काट्यासमोर गाड्यांची रांग लागली की दादा ट्रॅक्टरच्या सीटवर बसून वॉरलॉक खेळतो. मागच्या दिवाळीत मी त्याला या लेखातले म्हणणे ऐकवले. तिसऱ्यात तंगी कशी मोजून-मापून आहे, आठही नगरांना ती कशी जवळजवळ सारखी वाटून दिली आहे, हे त्याने शांतपणे ऐकून घेतले, आणि तेच नेमके पकडले. “तुया तिसऱ्या भागात सारेच एका मापाचे गरीब हायत,” तो म्हणाला, “याच्यात पाह्य, नाईट गरीब कसा हाय अन् वॉरलॉक गरीब कसा हाय, दोघाइचं दुःख येगयेगळं.” मी त्याला काळ्या ड्रॅगनच्या 300 आणि क्रुसेडरच्या 65 ची आठवण करून दिली. त्यावर त्याचे म्हणणे असे की, ज्याला 65 वर भागवायचे आहे त्याने चौथ्या आठवड्यापर्यंत वाट पाहायचीच कशाला. आणि फोन माझ्या हातात देऊन त्याने मला नाईट घ्यायला लावला, लहान नकाशावर, गंधकाच्या खाणीपासून तीन दिवसांच्या अंतरावर.